तीन वाक्यांची एक खूण

अक्काताई चौगुल्यांची फाइल आठशे बारा पानांची होती. स्वरूपा मगदूमनं ती चार दिवसांत वाचून काढली आणि सोमवारी दुपारी चार वाजता, जांभया दाबत, ती वाचनभेटीसाठी वॉर्डात गेली.

वाचनभेट हा मिरजेतल्या दवाखान्यांनी स्वतःच पाडलेला रिवाज. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी केसवाचकानं पेशंटशेजारी स्टुलावर बसायचं आणि त्याच्या जन्मापासूनची दुखणी त्याला ओळीनं सांगायची. पेशंटनं हो-हो म्हणायचं, चुकलं तर सांगायचं, मग नातेवाइकानं सही ठोकायची. कागदोपत्री ह्या भेटीचा उपयोग फारसा नव्हता, पण लोकांना ती औषधापेक्षा आवडायची. बायका तर ठेवणीतली साडी नेसून बसत. आपलं सगळं कुणीतरी मन लावून वाचलंय ह्याचं माणसाला केवढं अप्रूप असतं, ते ह्या नोकरीत शिरल्याशिवाय कळत नाही.

स्वरूपानं सांगायला सुरुवात केली. गोवर, विंचू, मोडलेलं मनगट, बारा वर्षांपूर्वी काढलेली गर्भपिशवी, साखर, आणि आता पित्ताशयातले खडे. मधेच आवाज उतरवून ती म्हणाली, की पहिल्या मुलीच्या आधी एक सातव्या महिन्यात गेलं, मुलगा होता. अक्काताईंनी पदर डोळ्यांना लावला. त्यांची मुलगी पल्लवी खाटेच्या पायथ्याशी उभी होती. तिनं चमकून आईकडे बघितलं, कारण पस्तीस वर्षांत हे तिच्या कानावर आलं नव्हतं.

"लेकीलाबी ठाऊक न्हाई ते," अक्काताई म्हणाल्या. "एवढं कोण वाचतंय बाई आमचं. आता उद्या काय बी होऊ दे, मला घोर न्हाई."

स्वरूपा हसली. खरं सांगायचं तर त्या घटकेला तिला शेजारच्या रिकाम्या खाटेवर आडवं व्हावंसं वाटत होतं.

केसवाचक ही जमात जन्माला आली ती यंत्रांच्या करणीनं. वीसेक वर्षांपूर्वी फाइली वाचायचं काम यंत्रांकडे होतं. ती सारांश फार सुरेख काढत, डोळ्याचं पातं लवायच्या आत. फक्त अधूनमधून, जे कागदात नव्हतं तेही त्याच गोड भाषेत घालून देत. कुणाला न झालेला दमा, कुणाचं न कापलेलं अपेंडिक्स. पाच-सहा माणसं हकनाक गेल्यावर बोंब झाली आणि कायदा आला. मोठ्या ऑपरेशनआधी पेशंटची अख्खी फाइल एका जित्या माणसानं वाचलेली पाहिजे, आणि त्या माणसानं ऑपरेशनच्या वेळी हजर राहून, कागद न बघता, विचारतील ते सांगितलं पाहिजे. कागद बघायची मुभा दिली की माणूस आधी वाचतच नाही, हे कायदा करणाऱ्यांना स्वतःवरूनच माहीत असावं.

पण आठशे पानं ध्यानात ठेवायची कुणी? तिथं पट्टी आली.

पट्टीमागचं विज्ञान तसं जुनंच. दिवसा आपण जे वाचतो, ऐकतो ते मेंदू लगेच पक्कं करत नाही, तात्पुरतं बाजूला ठेवतो. रात्री गाढ झोपेत मेंदूत संथ लाटा उठतात, साधारण सेकंदाला एक. त्या लाटांवर दिवसातल्या निवडक गोष्टी पुन्हा घोळवल्या जातात, आणि ज्या घोळवल्या जातात त्या टिकतात. बाकीच्या विरून जातात. शास्त्रज्ञांना फार पूर्वीच असं दिसलं होतं, की एखादी गोष्ट शिकताना कानावर एखादा आवाज पडला आणि तोच आवाज गाढ झोपेत हळूच वाजवला, तर मेंदू नेमकी तीच गोष्ट घोळवायला काढतो.

पट्टीवाल्यांनी एवढ्यावर दुकान थाटलं. वाचकाच्या हातात एक पेन द्यायचं. लक्षात ठेवायच्या वाक्यावर ते टेकवलं की कागदावर जांभळा ठिपका उमटतो आणि कानात बारीक टिक् वाजते, दर वाक्याची टिक् निराळी. ह्याला म्हणायचं खूण करणं. रात्री कपाळाला पट्टी बांधून झोपायचं. पट्टी लाटेची वाट बघते, आणि लाट चढली की दिवसभरातल्या टिक् एकेक करून वाजवते. सकाळी वाक्य पाठ. नुसतं पाठ नाही, दगडावर कोरल्यासारखं पक्कं.

दोन गोष्टी मात्र पट्टीच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत होत्या. पहिली, रात्रीला खुणा साठच. त्याच्यावर गेलं की सगळ्याच कच्च्या राहत. दुसरी, जी लाट खुणेला गेली ती दुसऱ्या कशाला मिळत नाही. घरात दिवसभर कोण काय बोललं, कुणाचं तोंड उतरलं होतं, कोण येऊन गेलं, ते सगळं वाऱ्यावर. झोप आठ तास व्हायची, पण विश्रांती म्हणून व्हायची नाही. स्वरूपानं अकरा वर्षं पट्टी बांधली होती. एकोणपन्नासाव्या वर्षी तिच्या डोक्यात हजारो लोकांचे आजार तारीखवार होते, आणि सकाळी उठल्यावर दात घासायचासुद्धा तिला कंटाळा यायचा.

तिच्या नवऱ्याचं नाव शीतल. मिरज-सांगलीच्या पट्ट्यात शीतल हे पुरुषाचं नाव असतं, परक्यानं दचकू नये. त्याचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान होतं. माणूस सरळ आणि सोशीक. मुलानं बेंगळुरूत नोकरी बदलली हे त्यानं बायकोला तीन वेगवेगळ्या दिवशी सांगितलं, आणि तिन्ही दिवशी ती तेवढ्याच आनंदानं "अगंबाई, हो का?" म्हणाली. त्यानंतर त्यानं चिठ्ठ्या लिहायला सुरुवात केली. दुकानातल्या जुन्या कॅटलॉगच्या कोऱ्या पाठीवर तो ठळक अक्षरांत लिहायचा, की शनिवारी बालिकाकाकूंकडे वास्तुशांत आहे, किंवा डाव्या दाढेची तारीख घेतली आहे. सकाळच्या चहाबरोबर स्वरूपा चिठ्ठी वाचायची आणि पेन टेकवायची. साठांपैकी पाच खुणा तिनं घरासाठी राखून ठेवल्या होत्या. पाच खुणांवर संसार चालला होता. चालला होता म्हणजे, मोडला नव्हता.

आता त्या सवयीबद्दल सांगायला हवं, जिच्यामुळे पुढचं सगळं झालं. ती सवय मुळात चांगली होती. नर्सिंगच्या दिवसांपासून स्वरूपा वाचताना कागदाच्या समासात हिरव्या शाईनं आपल्या शब्दांत लिहायची. हे कशामुळे झालं असेल, हे मागच्या कशाशी जुळतंय, हे पेशंटला विचारलं पाहिजे. छापलेलं दुसऱ्याचं, हिरवं आपलं. हिरव्यातलं निम्मं पुढं चुकीचं निघायचं आणि त्याचं तिला काही वाटायचं नाही, कारण ते लक्षात ठेवायला लिहिलेलंच नसायचं. ते विचार करायला लिहिलेलं असायचं.

पण आठशे पानं साठ-साठ खुणांत बसेनात. तेव्हा, पाचेक वर्षांपूर्वी, तिला युक्ती सुचली. छापलेल्या तीन वाक्यांचं एक हिरवं वाक्य करायचं आणि पेन त्या हिरव्यावर टेकवायचं. तीन वाक्यांची एक खूण. पट्टीला काय, टिक् वाजली की झालं. वाक्य छापील आहे की हातचं, हे तिला कुठं कळतंय? युक्ती इतकी नामी होती की दवाखान्यातल्या बाकीच्या चारही वाचकांनी ती उचलली. फाइली भराभर निघू लागल्या.

मंगळवारी सकाळी थिएटरात भूलतज्ज्ञ डॉक्टर नाझनीन इनामदार होत्या. दोघींनी आठ-नऊ वर्षं एकत्र काम केलेलं, त्यामुळे विचारणं आणि सांगणं सराईतपणे चालायचं. इनामदारांनी मागच्या ऑपरेशनचं विचारलं. स्वरूपानं सांगितलं, भूल देताना काही तक्रार नाही, पण संध्याकाळी ताप चढला, एकशेचार, लघवी गडद झाली होती, दोन दिवसांत सगळं निवळलं. इनामदारांचा हात थांबला. त्यांनी घरात कुणाला भुलीचा त्रास झाला होता का विचारलं. स्वरूपा म्हणाली, भाऊ हर्नियाच्या ऑपरेशनात वारला, हृदय बंद पडलं असं लिहिलंय.

इनामदारांनी मास्कवरून तिच्याकडे बघितलं. "तो ताप कशाचा होता, स्वरूपाताई? नक्की?"

"मलेरियाचा," स्वरूपा म्हणाली.

तिला क्षणभरही थांबावं लागलं नाही. शब्द समोर लख्ख उभा होता. अकरा वर्षांत तिचं सांगणं कधी खोटं ठरलं नव्हतं, म्हणून इनामदारांनी मान हलवली आणि भुलीचा वायू सुरू केला.

वीस मिनिटांत अक्काताईंचा जबडा ताठला. श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडची रेघ पडद्यावर चढत गेली, नाडी धावायला लागली, मग अंग तापायला लागलं. इनामदारांनी वायू तोडला, बर्फ मागवला आणि ह्यावर चालणाऱ्या एकमेव औषधाची, डॅन्ट्रोलीनची, कपाटातली होती नव्हती ती सगळी इंजेक्शनं फोडली. काही घराण्यांच्या रक्तातच हा दोष उतरतो. एरवी माणूस ठणठणीत असतो, पण भुलीचे ठराविक वायू लागले की स्नायू आतल्या आत पेटतात, ताप भडकतो, आणि विरघळलेले स्नायू लघवीतून गडद होऊन उतरतात. पहिल्या खेपेला एखादा निभावतो, दुसऱ्या खेपेला सहसा नाही. उरलेली इंजेक्शनं सांगलीहून यायला पाऊण तास लागला. अक्काताई वाचल्या, पण त्यांची मूत्रपिंडं बंद पडली आणि त्यांना डायलिसिसवर ठेवावं लागलं.

दुपारी स्वरूपा वाचनखोलीत येऊन बसली आणि तिनं फाइलीची आपली प्रत उघडली. पान पाचशे सतरा. छापील मजकुरात ताप होता, लघवी होती, दोन दिवस होते. मलेरिया कुठंच नव्हता. समासात तिच्याच हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, की पावसाळ्याचे दिवस, गावात साथ, मलेरिया असावा. आणि त्याच्यावर जांभळा ठिपका.

तिनं ते पान चार-पाच वेळा वाचलं. रात्रीच्या घोळवण्यात वाक्य टिकलं होतं आणि त्यातलं 'असावा' तेवढं गळून पडलं होतं. डोकं दमलेलं असलं की ते असंच करतं, जड ते ठेवतं आणि शंका सोडून देतं. ताप, लघवी आणि भाऊ ह्या तीन गोष्टी तिनं स्वतःच्या तोंडानं एका दमात सांगितल्या होत्या. त्या एकमेकींशी जुळवून बघायचं तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं, कारण त्या तीन वेगळ्या टिक् होत्या. इनामदारांनी त्या उभ्याउभ्या जुळवल्या, आणि तिनं एका शब्दानं ते जुळवणं मोडीत काढलं.

मग तिनं एक गोष्ट केली, जी करायची तिला मनातून भीती वाटत होती. पुढच्या आठवड्यातल्या चार पेशंटांच्या प्रती काढल्या. एका कोऱ्या कागदावर, प्रत न बघता, त्यांच्याबद्दल पक्की ठाऊक असलेली चाळीस वाक्यं लिहिली. मग एकेक पडताळून बघितलं. अकरा वाक्यं फाइलीत नव्हती. ती तिची होती. त्यातली सात बहुधा बरोबरही असतील, पण मुद्दा तो नव्हता. लिहिताना अकरांपैकी एकाही वाक्याला तिचा हात अडखळला नव्हता.

दवाखान्याचे व्यवस्थापक शहापुरे गुरुवारी तिला भेटायला आले. मृदू बोलणारा माणूस, आधी तिच्या तब्येतीची चौकशी केली. मग म्हणाले की शुक्रवारी चौकशी आहे, निवृत्त सिव्हिल सर्जन रणदिवे येणार आहेत. मूळ फाइल त्यांच्याकडे गेलीच आहे. वाचकाची प्रत मात्र पेशंटच्या खासगीपणासाठी केस संपल्यावर यंत्रात घालून फाडायची असते, तर तेवढं नियमाप्रमाणे उरकून घ्यावं. मूळ फाइलीत तापाचं कारण नाही, तेव्हा मलेरिया कुणाच्या डोक्यातून निघाला हे आता कोण सांगणार. थिएटरात दोन नर्सांनी तो शब्द ऐकला होता, पण कोण कुणाला म्हणालं ते त्यांना नीट आठवत नव्हतं. शहापुऱ्यांनी बाकी चार वाचकांच्या पोटापाण्याचाही सहज उल्लेख केला. इनामदारांचं नाव त्यांनी घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. वाचकानं मलेरिया सांगितला नसेल, तर तो डॉक्टरांनीच ठरवला.

खोटं कशाला बोला, स्वरूपाला मोह झाला. अकरा वर्षांचा थकवा अंगात मुरलेला असताना माणसाला न्यायापेक्षा झोप जास्त हवी असते. प्रत फाडायला मिनिटभर लागलं असतं. प्रत पिशवीत घालून ती जिन्याकडे निघाली, तर अतिदक्षता विभागाच्या दाराशी पल्लवी डबा घेऊन बसलेली.

"मॅडम, तुम्ही सगळं वाचलेलं न्हवं?" पल्लवीनं विचारलं.

"वाचलं होतं."

"मग तुमचं काय चुकलं न्हाई. त्या भुलीच्या मॅडमनीच घोटाळा केला असं लोक म्हणायलेत. आई शुद्धीत आली की तुमचंच नाव घेती बघा. म्हणती, ती बाई असताना मला काय झालं न्हाई, वाचले."

स्वरूपाला इतकी लाज वाटली की तिला डब्याकडेही बघवेना. ती काहीतरी पुटपुटून तिथून निघाली. त्या रात्री तिनं पट्टी बांधली नाही.

शुक्रवारी अकरा वाजता चौकशी सुरू झाली. रणदिवे वयस्क होते, बोलणं तोललेलं, समोर मूळ फाइल. त्यांनी थिएटरातल्या क्रमानं एकेक विचारलं आणि शेवटी स्वरूपाकडे वळून म्हणाले, फाइलीत त्या तापाचं कारण दिलेलं होतं का? शहापुरे आपल्या चष्म्याची काच पुसत होते. इनामदार सरळ समोर बघत होत्या. त्यांनी स्वतःच्या बचावासाठी सकाळपासून चकार शब्द काढला नव्हता.

स्वरूपानं पिशवीतून प्रत काढून टेबलावर ठेवली आणि पान उघडलं.

"नव्हतं, सर. मलेरिया मी लिहिलाय. डॉक्टरांनी मला नक्की का म्हणून विचारलं आणि मी फाइलीतलं म्हणून हेच सांगितलं."

मग तिनं हिरव्या शाईचं सांगितलं, तीन वाक्यांच्या एका खुणेचं सांगितलं, चाळीस वाक्यांचा कागद दाखवला. आवाज सपाट होता, वाचनभेटीत असायचा तसाच. रणदिव्यांनी तो कागद बराच वेळ हातात धरला. ह्या आधी असं किती वेळा झालं असेल, असं त्यांनी विचारलं.

"ही युक्ती सुरू केल्यापासून पाच वर्षांत हजारावर फाइली झाल्या. त्यातलं किती कागदावरचं आणि किती माझं, मला सांगता येणार नाही. आतून मला दोन्ही सारखंच दिसतं."

मग इनामदार म्हणाल्या, रागानं नाही, नुसतं सांगितल्यासारखं, "यंत्रांना आपण ह्याच कारणावरून बाहेर काढलं होतं."

संध्याकाळपर्यंत सगळं झालं. स्वरूपाचा वाचकाचा परवाना गेला. बाकी चौघांच्या पट्ट्या जमा करून घेतल्या आणि पुढच्या आठवड्याची ऑपरेशनं लांबणीवर पडली. त्या चौघांतला एक, जो तिच्या हाताखाली शिकला होता, तो जिन्यात तिच्या अंगावरून न बघता खाली उतरून गेला. तिला वाईट वाटलं, पण राग आला नाही. युक्ती तिनंच शिकवली होती.

निघण्याआधी ती पल्लवीकडे गेली आणि उभ्याउभ्याच तिला सगळं सांगितलं. पल्लवीला पहिल्यांदा नीट कळलंच नाही. कळलं तेव्हा ती ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. बाकावर बसून राहिली आणि मग म्हणाली, "आणि ते बाळ? आमचा भाऊ? ते तरी लिहिलेलं हुतं, का तेबी तुमचंच?"

स्वरूपाला ते आठवत होतं, लख्ख आठवत होतं, आणि त्या आठवण्याला आता काडीची किंमत नव्हती. तिनं रणदिव्यांच्या कारकुनाकडून मूळ फाइल मागून आणली आणि पान शोधलं. सातव्या महिन्यात, मुलगा, वजन नऊशे ग्रॅम. पल्लवीनं फाइल आपल्याकडे ओढली, ओळीवर बोट ठेवलं आणि स्वतः, अक्षर अक्षर लावत, वाचलं. वाचून झाल्यावर तिनं फाइल मिटून परत दिली आणि ती आत आईकडे गेली. स्वरूपाला तिनं आत बोलावलं नाही.

घरी येऊन स्वरूपा झोपली ती शनिवारी दुपारी उठली. एकोणीस तास. उठली तेव्हा अंग आंबलेलं होतं, पण डोकं बऱ्याच वर्षांनी हलकं वाटत होतं. शीतलनं दुकान लवकर बंद केलं होतं. त्यानं चहा टाकला, दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. काल काय झालं ते तिला न विचारता आठवत होतं, ह्याचंच तिला नवल वाटलं.

ती म्हणाली, "अहो, एक विचारू? चिठ्ठ्यांत तुम्ही कधी न झालेलं लिहिलंत का?"

शीतल थोडा ओशाळला. दोनदा लिहिलं होतं म्हणाला, की तू नाटकाला यायचं कबूल केलंयस. तू कबूल केलं नव्हतंस, पण दोन्ही वेळा आलीस. स्वरूपाला हसू आलं. शीतल मात्र हसला नाही, कपाशी चाळा करत राहिला, आणि तिचं हसू आपोआप थांबलं.

तिच्या मनात एकच गोष्ट आली. ती आईची एकुलती एक. चार वर्षांपूर्वी आई इचलकरंजीच्या घरी वारली. त्या शेवटच्या संध्याकाळचं तिला सगळं आठवत होतं, आणि अकरा वर्षांतलं घरातलं काही इतकं स्वच्छ आठवत असेल तर तेवढंच. तिनं ते हळूहळू, पाठ म्हटल्यासारखं म्हणून दाखवलं. आईला मऊ भात कालवून भरवला. दोन घास खाल्ले तिनं. बाहेर यंत्रमागांचा खडखडाट चालू होता. आईनं माझा हात धरला आणि म्हणाली, बरं झालं आलीस.

"हे?" तिनं विचारलं.

शीतल उठला. कप धुतला, पालथा घातला, हात पुसले आणि परत येऊन बसला.

"त्या आठवड्यात तुझ्याकडं तीन फाइली होत्या," तो म्हणाला. "मी फोन केला होता. तू दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलीस."

"भात कुणी भरवला?"

"मी."

"आणि ती काय म्हणाली?"

"विचारत होत्या. स्वरूपा आली का म्हणून."

मग शीतल खाली बघून सांगायला लागला. "नंतर महिनाभर तू रोज सकाळी मला विचारायचीस, मी होते का हो तिथं? रोज मी खरं सांगायचो. रोज तू आत्ताच कळल्यासारखी रडायचीस, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचीस. तीस वेळा सांगितलं असंल, स्वरूपा. एकतिसाव्या वेळेला मला सांगवेना. म्हणून चिठ्ठीत लिहिलं, तू होतीस असं."

तिला त्याचा राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण त्याहून जास्त तिला दिसत होता तो तीस सकाळी तेच सांगणारा माणूस, आणि त्यातली एकही सकाळ तिच्याजवळ नव्हती. तिनं त्याला ती संध्याकाळ पहिल्यापासून सांगायला लावली, कोण कुठं बसलं होतं, दिवा कधी लावला, आई आणखी काय काय बोलली. तो सांगत होता तोवर तिनं काही लिहिलं नाही, फक्त ऐकलं, दोन ठिकाणी थांबवून विचारलं. त्याचं संपल्यावर तिनं एक कागद ओढला, थोडा वेळ डोळे मिटून बसली, आणि आपल्या शब्दांत लिहिलं.

'आई गेली तेव्हा मी तिथं नव्हते. ती मला विचारत होती. भात ह्यांनी भरवला.'

कागद तिनं शीतलपुढे सरकवला. त्यानं चष्मा लावून ती तीन वाक्यं सावकाश वाचली.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

तेव्हा तिला रडू फुटलं. उद्या हे तिला पुन्हा विचारावं लागणार नव्हतं.